दहा शिखरांची दरी : छायाचित्र, स्थलनाम आणि पुरावा

१

छायाचित्र हे इतिहासाचे साधन म्हणून मान्य होऊन आता बराच काळ लोटला आहे. परंतु ताम्रपट, बखर किंवा दफ्तरातील कागद यांची जी चिकित्सा इतिहासाभ्यासक सवयीने करतो, ती छायाचित्राच्या वाट्याला क्वचितच येते. याचे कारण उघड आहे. लेख माणसाने लिहिलेला असतो, तेव्हा त्यात लिहिणाऱ्याचा हेतू, अज्ञान व पक्षपात उतरणार हे गृहीतच असते. छायाचित्र प्रकाशाने उमटलेले असते, आणि प्रकाशाला पक्ष नसतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. निसर्गदृश्याच्या छायाचित्राबाबत तर ही समजूत अधिकच दृढ होते. पर्वत, हिमनदी आणि तिच्या पाण्याने भरलेले सरोवर यांत माणसाचा संबंध तो काय?

या समजुतीची परीक्षा पाहण्यास कॅनडातील रॉकी पर्वताचा प्रदेश फार सोयीचा आहे. १८८० नंतरच्या तीसचाळीस वर्षांत तेथे दोन व्यवहार एकाच वेळी चालू होते. सरोवरांची व शिखरांची छायाचित्रे घेतली जात होती, आणि त्याच सरोवरांना व शिखरांना नावे दिली जात होती. बहुधा दोन्ही कामे करणारी माणसे तीच होती. छायाचित्र आणि स्थलनाम यांचे कार्य पुष्कळ अंशी सारखे असते. एका विशिष्ट जागी उभ्या असलेल्या माणसाने एका विशिष्ट वेळी केलेली ती निवड असते. कालांतराने तो माणूस, ती जागा आणि ती वेळ विस्मृत होतात, आणि त्याची निवड हा त्या स्थळाचाच गुणधर्म भासू लागतो. ज्या छायाचित्रांनी ही विस्मृती होऊ दिली नाही तीच पुढे खऱ्या अर्थाने पुरावा ठरली, हे या प्रदेशाच्या इतिहासावरून दाखविता येते.

२

कॅनेडियन पॅसिफिक रेल्वेचा अखेरचा रूळ ७ नोव्हेंबर १८८५ रोजी बसविला गेला आणि पूर्व व पश्चिम किनारे लोहमार्गाने जोडले गेले. पर्वतातून जाणारा हा मार्ग बांधण्यास अतोनात खर्च आला होता. मधल्या डोंगराळ पट्ट्यात वस्ती विरळ असल्याने मालवाहतूकही बेताची होती. प्रवासी आकर्षून घेण्यासाठी कंपनीने देखाव्यालाच विक्रीचा माल केले. तिने चित्रकारांना आणि छायाचित्रकारांना उत्तेजन दिले व पर्वतातल्या मुक्कामांवर उपाहारगृहे आणि निवासस्थाने उभारली. माँट्रिऑल येथील प्रसिद्ध नॉटमन पेढीचा विल्यम मॅकफार्लेन नॉटमन हा १८८० च्या दशकात या मार्गाने हिंडून मोठ्या काचांवर दृश्ये टिपीत होता. १८८७ मध्ये बॅन्फच्या परिसरात ‘रॉकी माउंटन्स पार्क’ हे राष्ट्रीय उद्यान कायद्याने स्थापन झाले, आणि १८९० मध्ये लुईस सरोवराच्या काठी पहिले लहानसे विश्रामगृह उभे राहिले.

लुईस सरोवराच्या नावाचा इतिहास येथे उद्बोधक आहे. १८८२ मध्ये टॉम विल्सन हा रेल्वेच्या मोजणीपथकाबरोबर सामानाची घोडी घेऊन हिंडत असता त्याला दुरून हिमप्रपात कोसळल्याचा गडगडाट ऐकू आला. तो आवाज कोठला हे त्याने स्टोनी नाकोडा जमातीच्या एडविन हंटर या वाटाड्याला विचारले, आणि दुसऱ्या दिवशी वाटाड्याने त्याला सरोवराकाठी नेले. त्या जमातीत या जलाशयाला ‘लहान माशांचे सरोवर’ अशा अर्थाचे नाव होते. विल्सनने पाण्याचा रंग पाहून त्याला ‘एमराल्ड लेक’, म्हणजे पाचूचे सरोवर, म्हटले. हेही नाव टिकले नाही. १८८४ मध्ये राणी व्हिक्टोरियाची कन्या लुईस हिचे नाव त्याला मिळाले. तिचे पती कॅनडाचे गव्हर्नर-जनरल होते.

ही तीन नावे तीन प्रकारच्या संबंधांची निदर्शक आहेत. पहिले नाव सरोवरावर ज्याची उपजीविका आहे त्याचे, दुसरे प्रथमदर्शनी पाहणाऱ्याचे, आणि तिसरे ज्याने ते पाहण्याचीही आवश्यकता नव्हती अशा सत्तेचे. पहिल्यापासून तिसऱ्यापर्यंत येण्यास अवघी दोन वर्षे पुरली.

३

१८९३ च्या उन्हाळ्यात येल विद्यापीठाचे दोन तरुण, वॉल्टर विल्कॉक्स आणि सॅम्युएल ॲलन, लुईस सरोवराच्या परिसरात आले. पुढील वर्षी आणखी काही सोबत्यांना घेऊन ते परतले, आणि चढाईबरोबरच त्या प्रदेशाचे नकाशे काढण्याचे काम त्यांनी हाती घेतले. एका खिंडीपलीकडे त्यांना जी दरी दिसली ती खडकांच्या राशींनी भरलेली व उजाड होती. तिला ‘डेसोलेशन व्हॅली’, म्हणजे वैराण दरी, हे नाव पडले. दरीच्या कडेने दहा शिखरे ओळीने उभी होती. ॲलनने त्यांना स्टोनी भाषेतील एक ते दहा हे संख्यावाचक शब्द क्रमाने नावे म्हणून दिले. इंग्रजी लिपीत त्याने ते जसे लिहिले तसे वाचल्यास ते असे होतात : हीजी, नोम, यामनी, टोन्सा, सप्ता, शापी, सागोवा, साक्नोवा, नेप्टुअक, वेंकचेम्ना.

यांतील पाचवा शब्द मराठी वाचकास क्षणभर थांबविल्याशिवाय राहणार नाही. ‘सप्ता’ ऐकताच संस्कृत ‘सप्त’ डोळ्यांसमोर येते. पण येथे त्याचा अर्थ सात नसून पाच असा आहे. स्टोनी ही सू भाषाकुलातील भाषा. तिचा भारत-युरोपीय कुलाशी कोणताही प्रस्थापित संबंध नाही. कानाला जाणवणारे हे साम्य निव्वळ योगायोगाचे होय. भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्याला पहिला धडा मिळतो तो हाच, की दिसण्या-ऐकण्यातील सारखेपणा हा संबंधाचा पुरावा नव्हे. संबंध सिद्ध व्हावयाचा तर नियमित ध्वनिपरिवर्तने दाखवावी लागतात.

या धड्याची आठवण येथे होण्यास दुसरेही कारण आहे. १८९९ मध्ये विल्कॉक्स त्या दरीतील सरोवरापर्यंत जाऊन पोहोचला. सरोवराच्या तोंडाशी खडकांचा एक प्रचंड ढीग आहे आणि त्यानेच पाणी अडविलेले आहे. हिमनदी पुढे सरकताना आपल्याबरोबर दगडमाती वाहून आणते आणि वितळताना ती टोकाशी टाकून देते. अशा राशीला भूगोलात हिमोढ, इंग्रजीत ‘मोरेन’ म्हणतात. समोरचा ढीग हा असाच हिमोढ आहे असे समजून विल्कॉक्सने सरोवराला ‘मोरेन लेक’ हे नाव दिले. आज भूवैज्ञानिक तो ढीग प्रायः शेजारच्या कड्यावरून कोसळलेल्या दरडीचा मानतात. दुरून दरड आणि हिमोढ सारखेच दिसतात. भेद कळतो तो दगडांची घडण, त्यांच्या कडा आणि ते कोठून आले याचा तपास केल्यावर. सारांश, हे नाव एका सादृश्यावर आधारलेले अनुमान होते. अनुमान डळमळले, पण नाव दृढ राहिले.

ते दृढ होण्यास छायाचित्राचे साह्य झाले. विल्कॉक्स कुशल छायाचित्रकार होता. अवजड कॅमेरा व मोठ्या काचा घेऊन तो डोंगरांत हिंडे. ‘द रॉकीज ऑफ कॅनडा’ हा त्याचा ग्रंथ १९०० मध्ये प्रसिद्ध झाला. या सरोवराचे दृश्य त्याच्या लेखनाने आणि छायाचित्रांनी दूरवर पोहोचविले. त्या खडकांच्या ढिगावर उभे राहिले म्हणजे खाली सरोवर, डावीकडे शिखरांची रांग आणि मध्ये ओसरत जाणारे उतार अशी आपोआप तोललेली रचना दिसते. पुढे आलेल्या प्रत्येक छायाचित्रकाराने तोच ढीग गाठला. १९६९ च्या मालिकेतील कॅनडाच्या वीस डॉलरच्या नोटेवर हेच दृश्य छापले गेले, १९७९ च्या मालिकेतही ते कायम राहिले, आणि त्या ठिकाणाला ‘वीस डॉलरचा देखावा’ असेच लोक म्हणू लागले. ज्या ढिगाचे स्वरूप चुकीचे ओळखल्यामुळे सरोवराला नाव मिळाले, त्याच ढिगावरून ते सरोवर जगाने पाहिले. मात्र खुद्द तो ढीग चित्राच्या चौकटीबाहेर, पाहणाऱ्याच्या पायाखाली राहिला.

शिखरांच्या दहा नावांची गत निराळी झाली. एकेक संख्या खोडून तिच्या जागी व्यक्तिनामे आली. पहिले शिखर प्राध्यापक चार्ल्स फे यांच्या नावाचे झाले, तिसरे अल्बर्टा प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर बोलन यांच्या, पाचवे स्विस वाटाडे वॉल्टर पेरेन यांच्या, आणि सातवे त्यावर १९०६ मध्ये प्रथम चढून गेलेल्या हेन्रिएटा टुझो यांच्या नावाचे. सहाव्या शिखराला तर ही संख्यानामे देणाऱ्या ॲलनचेच नाव मिळाले. आठवे शिखर आकारावरून ‘डेल्टाफॉर्म’ झाले. आज नकाशावर टोन्सा, नेप्टुअक आणि वेंकचेम्ना, म्हणजे चार, नऊ आणि दहा, एवढीच शिल्लक आहेत. संख्यांची मालिका तुटल्यामुळे या शब्दांचा संख्यार्थ लोपला आहे आणि ती केवळ अपरिचित विशेषनामे होऊन राहिली आहेत. ॲलनची दहा नावेही स्टोनी लोकांनी शिखरांना दिलेली नव्हती, हे विसरता कामा नये. शब्द त्यांचे, पण शिरगणती परक्याची होती.

४

या सरोवरांची कीर्ती मुख्यतः त्यांच्या रंगामुळे आहे. हिमनदी खालच्या खडकावरून घासत सरकते तेव्हा खडकाचे पिठासारखे बारीक चूर्ण होते. वितळलेल्या पाण्याबरोबर ते सरोवरात येते आणि इतके सूक्ष्म असते की पुष्कळ काळ न बसता तरंगत राहते. पाणी तांबडा प्रकाश शोषून घेते आणि हे कण उरलेल्या प्रकाशातील निळाहिरवा अंश विखुरतात. म्हणून पाणी मोरपंखी दिसते. उन्हाळा चढतो तसा बर्फ वितळण्याचा वेग वाढतो, चूर्ण अधिक येते आणि रंग गडद होतो.

आता ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की, एकोणिसाव्या शतकातील छायाचित्रण नेमक्या या रंगाबाबत असमर्थ होते. त्या काळच्या साध्या काचांवरील रसायन निळ्या प्रकाशाला फार संवेदनशील, हिरव्याला अल्प आणि तांबड्याला जवळजवळ मुळीच नव्हते. परिणामी निळे आकाश छापील चित्रात पांढरे फटफटीत येई. त्यावरील ढग नाहीसे होत, आणि बर्फाच्छादित शिखराची कड आकाशात विरून जाई. देवदाराची हिरवी वने काळीशार दिसत. आणि ज्या पाण्यासाठी माणसे हजारो मैल येत ते पाणी फिकट राखी रंगाचे उमटे. हिरव्या प्रकाशालाही प्रतिसाद देणाऱ्या काचा आणि पिवळी गाळणी यांनी हा दोष काहीसा कमी झाला, पण रंग तो नाहीच. ल्यूमिएर बंधूंच्या रंगीत काचा १९०७ मध्ये बाजारात आल्या आणि सोयीची रंगीत फिल्म १९३० च्या दशकाच्या मध्यास उपलब्ध झाली.

मधल्या काळात रंग हाताने भरला जाई. फिलाडेल्फियाच्या मेरी शेफर या छायाचित्रकार बाईंनी आपल्या काचचित्रांवर स्वतः रंग चढविले आणि व्याख्यानांत दीपाच्या साह्याने ती पडद्यावर दाखविली. अशा चित्रात रेषेचा साक्षीदार प्रकाश, तर रंगाचा साक्षीदार केवळ स्मृती असते. प्रेक्षकाला हा भेद दिसत नाही. त्याच्या दृष्टीने सर्वच चित्र सारख्याच अधिकाराने बोलते. एकाच दस्तऐवजात दोन हातांचे अक्षर असावे आणि ते ओळखता येऊ नये, तसा हा प्रकार होय.

५

याच मेरी शेफर यांच्या प्रवासात आणखी एका प्रकारच्या नोंदीची गाठ पडते. उत्तरेकडे एक मोठे सरोवर असल्याचे त्यांच्या कानावर होते. स्टोनी लोक त्याला ‘चाबा इम्ने’, म्हणजे बीव्हरचे सरोवर, म्हणत. १८७५ मध्ये रेल्वेचा मोजणीदार हेन्री मॅकलाउड तेथवर पोहोचला होता. पायपिटीने हैराण होऊन त्याने त्याला ‘दुखऱ्या पायांचे सरोवर’ अशा अर्थाचे नाव दिले व तो परतला. १९०७ च्या उन्हाळ्यात शेफर यांनी शोध केला, पण सरोवर सापडले नाही. त्या सालीच सॅमसन बीव्हर या स्टोनी गृहस्थाने त्यांना एक नकाशा काढून दिला. बीव्हर हा त्या ठिकाणी लहानपणी वडिलांबरोबर गेला होता. मध्ये अनेक वर्षे लोटली होती. त्या स्मृतीवरून काढलेल्या नकाशाच्या आधारे १९०८ मध्ये शेफर यांची तुकडी सरोवराला पोहोचली. १९११ मध्ये त्यांनीच त्याची रीतसर मोजणी केली.

सरोवराचे अधिकृत नाव मात्र ‘मलीन’ असे झाले. फ्रेंच भाषेतील या विशेषणाचा अर्थ ‘दुष्ट’. ते मुळात सरोवराचे नव्हेच. ओलांडताना त्रास देणाऱ्या खालच्या नदीला ते मिळाले आणि नदीवरून सरोवराला चिकटले. सॅमसन बीव्हर व त्याची पत्नी लीआ यांची नावे काठच्या दोन शिखरांना देण्यात आली. व्यक्तींचा सन्मान झाला, परंतु त्यांच्या भाषेतील सरोवराचे नाव प्रचारात आले नाही.

येथे छायाचित्र आणि स्मृतिनकाशा यांची तुलना करणे बोधप्रद ठरते. छायाचित्रात सरोवर कसे दिसते हे असते, नकाशात तेथे कसे जावयाचे हे असते. पहिल्यासाठी एकदा जाऊन थांबणे पुरते. दुसऱ्यासाठी जाण्यायेण्याची परंपरा लागते. छायाचित्रांनी या प्रदेशाची निर्मनुष्य, अस्पर्श भूमी म्हणून प्रतिमा रूढ केली. पण ज्या वाटांनी छायाचित्रकार गेले त्या वाटा स्टोनी आणि इतर जमातींच्या पायांनी पडलेल्या होत्या. १८७७ च्या सातव्या तहानंतर स्टोनी लोकांना मॉर्ले येथील राखीव जमिनीत वसविण्यात आले, आणि उद्यानातील शिकारीच्या निर्बंधांनी त्यांचा पर्वतातील वावर आणखी आकुंचित झाला. तेव्हा चित्रातील निर्जनता ही निसर्गाची स्थिती म्हणून वाचण्यापूर्वी ती धोरणाचे फल तर नाही ना, हे विचारणे अवश्य आहे.

६

आतापर्यंत ज्या छायाचित्रांचा विचार झाला ती दाखविण्यासाठी काढलेली होती. त्याच काळी, त्याच पर्वतात, निराळ्या हेतूने काही छायाचित्रे घेतली जात होती.

फिलाडेल्फियाच्या व्हॉ कुटुंबातील जॉर्ज, विल्यम आणि मेरी ही तीन भावंडे १८८७ मध्ये रेल्वेने या भागात आली. ब्रिटिश कोलंबियातील ‘ग्लेशियर हाउस’ या विश्रामगृहाजवळ इलसिलिवेट ही हिमनदी होती आणि तेथे त्यांनी छायाचित्रे घेतली. १८९४ मध्ये ते पुन्हा आले तेव्हा हिमनदीचे टोक पूर्वीपेक्षा मागे हटल्याचे त्यांच्या लक्षात आले. त्यांनी मग दरसाल त्याच जागी कॅमेरा लावणे, खडकांवर खुणा करणे, टोकापर्यंतचे अंतर मोजणे असा क्रम सुरू केला आणि निष्कर्ष फिलाडेल्फियाच्या निसर्गविज्ञान अकादमीच्या कार्यवृत्तात प्रसिद्ध केले. तिघेही व्यवसायाने हिमनदीतज्ज्ञ नव्हते. त्यांच्या कामाला मोल आले ते पुनरावृत्तीच्या शिस्तीमुळे. त्यांच्या पहिल्या चित्रांच्या काळापासून आजवर ती हिमनदी एक किलोमीटरहून अधिक मागे सरली आहे. हे अंतर निश्चित सांगता येते, कारण ते कोठून मोजावयाचे हे त्यांनी लिहून ठेवले.

दुसरा प्रयत्न सरकारी होता. १८८५ मध्ये कॅनडाचे सर्वेक्षणप्रमुख झालेले एदुआर देव्हील यांनी डोंगराळ प्रदेशाच्या मोजणीसाठी छायाचित्राचा उपयोग करण्याची पद्धत विकसित केली. तिचे तत्त्व सोपे आहे. ज्यांची स्थाने ठाऊक आहेत अशा दोन उंच ठिकाणांवरून कॅमेरा पातळीत धरून तीच शिखरे टिपावयाची. दोन्ही चित्रांवरून त्या शिखरांच्या दिशा काढून त्या रेषा कागदावर जेथे छेदतात तेथे शिखराचे स्थान ठरते. डोंगरातील उन्हाळा अल्प, निरभ्र दिवस त्याहून अल्प. म्हणून वर जाऊन केवळ काचा टिपावयाच्या आणि नकाशा हिवाळ्यात कचेरीत बसून काढावयाचा, ही मोठीच सोय होती. जे. जे. मॅकार्थर यांनी १८८७ मध्ये माउंट स्टीफन हे शिखर या मोजणीच्या कामासाठीच प्रथम सर केले. १९१५ मध्ये एम. पी. ब्रिजलँड यांनी जॅस्पर उद्यानाच्या मोजणीत सातशेहून अधिक चित्रे घेतली.

मोजणीच्या या चित्रांत रचना नाही, अग्रभागी वाकलेला वृक्ष नाही, सरोवरातील प्रतिबिंब साधण्याची खटपट नाही. चौकटीत काय यावे हे सौंदर्यदृष्टीने ठरत नसून स्थानकाच्या गरजेने ठरे. नकाशे तयार झाल्यावर काचा दप्तरखान्यात गेल्या आणि अनेक दशके त्यांकडे कोणी पाहिले नाही. विसाव्या शतकाच्या अखेरीस अल्बर्टा विद्यापीठातील एरिक हिग्ज आणि त्यांचे सहकारी ब्रिजलँडची चित्रे घेऊन त्याच स्थानकांवर पुन्हा चढले व तीच दृश्ये पुन्हा टिपू लागले. पुढे या कामाला ‘माउंटन लेगसी प्रोजेक्ट’ हे नाव मिळाले. अशा सुमारे १,२०,००० जुन्या काचांचा संग्रह त्यासाठी उपलब्ध आहे.

जोडचित्रांत हिमनद्या आक्रसलेल्या दिसतात, हे अपेक्षितच होते. जॅस्परच्या दऱ्यांत मात्र आणखी एक गोष्ट आढळली. १९१५ मध्ये जेथे माळ आणि विरळ झाडी होती तेथे आता दाट, सलग अरण्य आहे. वणवे विझविण्याचे धोरण आणि मूळ रहिवाशांनी पूर्वी हेतुपुरस्सर लावलेल्या आगी बंद पडणे ही त्याची प्रमुख कारणे समजली जातात. म्हणजे पर्यटकाला जे आदिम अरण्य वाटते ते पुष्कळ ठिकाणी शंभर वर्षांच्या आतले आहे, आणि पूर्वीच्या मोकळ्या माळात माणसाचा हात होता. सुंदर छायाचित्रांनी ज्या माणसाला चौकटीबाहेर ठेवले, त्याच्या अस्तित्वाची खूण अखेर रूक्ष मोजणीच्या काचांनी दिली.

७

वरील विवेचनातून छायाचित्राच्या चिकित्सेचे काही निकष हाती येतात. चित्र कोठे उभे राहून घेतले, कोणत्या दिवशी घेतले, कोणत्या रसायनाने घेतले आणि कोणत्या प्रयोजनाने घेतले, हे चार प्रश्न प्रत्येक छायाचित्राला विचारले पाहिजेत. पैकी पहिल्या दोहोंची उत्तरे नसतील तर चित्र कितीही स्पष्ट असले तरी ते कालक्रमात बसविता येत नाही. तिसऱ्याचे उत्तर नसेल तर पांढऱ्या आकाशाचा अर्थ ढगाळ दिवस असा करण्याची चूक होते. आणि चौथ्याकडे दुर्लक्ष झाले तर चौकटीबाहेर काय राहिले याचा विचारच उद्भवत नाही.

स्थलनामालाही हेच प्रश्न लागू पडतात. ते कोणी, कोठून पाहून, कोणत्या भाषेत आणि कशासाठी दिले, हे कळल्यावाचून नावावरून स्थळाविषयी काही अनुमान काढणे म्हणजे ‘सप्ता’चा अर्थ सात करणे होय. मोरेन सरोवर हे नाव हिमोढाचा पुरावा देत नाही. १८९९ मध्ये एका प्रवाशाला काय वाटले याचा पुरावा देते, आणि तेवढ्यापुरते ते पूर्ण विश्वसनीय आहे.

मोरेन सरोवरावरील गर्दी इतकी वाढली की २०२३ पासून तेथे खाजगी मोटारी नेण्यास उद्यान प्रशासनाने बंदी केली आहे. तरीही रोज बसगाड्यांनी येणारी माणसे त्या खडकांच्या ढिगावर चढतात आणि विल्कॉक्सने जगाला दाखविलेले दृश्य पुन्हा टिपतात. आज घेतल्या जाणाऱ्या या असंख्य चित्रांत जागा एकच आहे आणि दिवस व वेळ कॅमेऱ्यातच आपोआप नोंदली जाते. व्हॉ भावंडांनी कष्टाने पाळलेली शिस्त अशा रीतीने सर्वांच्या हाती नकळत आली आहे. शिखरांवरील बर्फाची रेषा, पाण्याची पातळी आणि त्याचा रंग यांची ही अखंड दैनंदिनी होऊ शकेल. ती जपून ठेवली गेली तर पुढील अभ्यासकाला चित्रात काय आले एवढेच पाहून भागणार नाही. सर्वांनी त्याच ढिगावर उभे राहून तेच का टिपले, हाही प्रश्न त्याला हाताळावा लागेल.